वंशावळीबाहेरची माणसं: साक्षीदार, जामीन आणि बांधाचा शेजारी

वंशावळ काढायला बसलेल्यांची गाडी बहुधा खापरपणजोबांपाशी अडते. तिथवर घरच्यांच्या तोंडी नावं असतात. पुढे जुन्या उताऱ्यावर नुसतं ‘अमुक बिन तमुक’ (तमुकचा मुलगा अमुक), आणि त्यामागे कोरं. मग लोक त्याच आडनावाची माणसं गोळा करत सुटतात. वही भरते, पण ‘तमुक’ कुठून आला ते काही कळत नाही. आडनाव एक म्हणजे घर एक, हे मुळात धरूनच चालता येत नाही. गावावरून आणि हुद्द्यावरून पडलेली आडनावं एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या घरांना लागली आहेत. पाटील आणि कुलकर्णी तर गावोगाव सापडतील.

अडलेली गाडी पुढे काढायची तर आपल्या माणसाच्या आजूबाजूला कोण उभं आहे ते बघावं लागतं. कर्ज काढताना जामीन कोण राहिला, खरेदीखतावर साक्ष कोणी घातली, बाप मेल्यावर पोरांचा पालक म्हणून कोणाचं नाव लागलं, शाळेत नाव कोणी घातलं, बांधाला बांध कोणाचा होता. ही माणसं वंशावळीत कधीच येत नाहीत. पण मूळ गाव, आजोळ, स्थलांतराचं कारण, सोयरीक कुठे होती, याचा पत्ता बहुतेक वेळा त्यांच्याच कागदात निघतो.

एक दस्त हातात घ्या

समजा १९१२ सालचं एक नोंदणीकृत गहाणखत मिळालं. बहुतेक जण त्यातली लिहून देणार, लिहून घेणार आणि रक्कम एवढीच माहिती टिपतात आणि कागद बाजूला ठेवतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

आधी मुद्रांकाची मागची बाजू बघा. मुद्रांक विकणाऱ्याने तारीख, घेणाऱ्याचं नाव आणि ‘हस्ते’ कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. तालुक्याला निघालेला शेजारी किंवा पुतण्या मुद्रांक घेऊन येई, त्यामुळे या ‘हस्ते’मध्ये कधी कधी कुठेच न भेटणारं नाव भेटतं. मुद्रांकाची तारीख आणि दस्ताची तारीख यांत बरंच अंतर असेल तर व्यवहार मध्ये कुठेतरी अडला होता असं समजायला हरकत नाही.

मग चतुःसीमा. पूर्वेस, दक्षिणेस, पश्चिमेस, उत्तरेस कोणाची जमीन, हे चार शेजारी. त्यांत आपल्याच आडनावाचा कोणी असेल तर ती बहुधा जुनी वाटणी असते, पण हे फाळणीच्या (पोटहिश्श्यांच्या मोजणीच्या) कागदावरून तपासल्याशिवाय लिहू नका.

मग साक्षी. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे गहाणखताला (कलम ५९) आणि बक्षीसपत्राला (कलम १२३) निदान दोन साक्षीदार लागतात. निव्वळ खरेदीखताला कायद्याने साक्षीदार लागत नाही. तरी खरेदीखतावरही साक्षी असतातच, कारण घेणारा सावध असतो. उद्या हक्क सांगत येईल अशा भाऊबंदालाच साक्षीला बसवायची पद्धत होती. म्हणून खरेदीखतावरचा साक्षीदार गहाणखतावरच्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बघावा: तो वाटेकरी असू शकतो.

सहीची जागाही वाचायची असते. ‘दस्तुर खुद्द’ म्हणजे माणसाने स्वतः लिहिलं. ‘बिकलम अमुक’ म्हणजे लेखणी दुसऱ्याची. जुन्या कागदांवर लिहिता न येणारा शेतकरी ‘निशाणी नांगर’ करी, बाईची निशाणी बांगडी असे, आणि पुढे सगळ्यांचाच डाव्या हाताचा अंगठा आला. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतील तर एक सही करतो आणि दुसरा अंगठा उठवतो, एवढ्यावरूनही त्यांना वेगळं काढता येतं.

शेवटी नोंदणीचा शेरा. लिहून देणाऱ्याला निबंधक स्वतः ओळखत नसेल तर ओळख पटवणारे दोघे हजर करावे लागत, आणि त्यांची नावं, वय, धंदा, गाव शेऱ्यात येई. हे ओळखदार साक्षीदारांपेक्षा वेगळे असू शकतात.

कोणाचं वजन किती

सगळी नावं सारख्या किमतीची नसतात. हे विसरलं की शोध फसतो. साधी कसोटी अशी: त्या कागदावर नाव घालून त्या माणसाचं काय जाणार होतं?

जामिनाचं सगळ्यात जास्त जाणार होतं. कर्ज बुडालं तर त्याच्या बैलांवर, जमिनीवर जप्ती. त्यामुळे जामीन हा जवळचा सोयरा, भाऊबंद किंवा पिढीजात घरोबा असलेला माणूस असतो. दहा साक्षीदार एका बाजूला आणि एक जामीन एका बाजूला ठेवला तरी जामिनाचं पारडं खाली जाईल. १९०४च्या कायद्यानंतर गावोगाव सहकारी पतपेढ्या निघाल्या आणि त्यांच्या कर्ज रजिस्टरांत जामीनदारांची नावं ओळीने आली. सोसायटीचं जुनं दप्तर अजून टिकून असेल तर कर्जदार आणि जामीनदार यांच्या जोड्या लिहून काढा. दोघे एकमेकांना जामीन राहिलेले दिसले तर जवळीक पक्की धरून पुढचा शोध घ्यायला हरकत नाही. त्याच सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात ठरावाचा सूचक आणि अनुमोदक दिलेला असतो. त्यावरून गावातला गट कळतो, नातं कळत नाही.

जामिनाच्या खालोखाल पालक. सातबाऱ्यावर आणि फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदीत) ‘अ.पा.क.’ दिसलं तर तो अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वयात न आलेल्याचा पालक. बाप गेलेल्या पोरांच्या नावापुढे आईचं किंवा मामा-चुलत्याचं नाव असं लागतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो पालकापेक्षा वेगळा, आणि तो घरचाच असतो. पालक बाहेरचा आणि परगावचा असेल तर शोधाची दिशा तीच.

त्याखाली ओळखदार, मग साक्षीदार, मग चतुःसीमेतला शेजारी. शेजारी कोणी निवडून घेतलेला नसतो, तो जमिनीबरोबर येतो. पण तीन पिढ्या बांध एक असला की सोयरीक आणि भांडण दोन्हींची शक्यता वाढते. सगळ्यात शेवटी गावकामगार पाटील, कुलकर्णी, तलाठी. ते हुद्द्यामुळे हजर आहेत. त्यांचं नाव पन्नास कागदांवर दिसलं म्हणून घरोबा होता असं होत नाही.

तशीच आणखी एक जात म्हणजे कचेरीतले कायमचे साक्षीदार. दस्त लिहिणाऱ्याच्या ओट्यावर बसणारा, दिवसाला चार दस्तांवर सही ठोकणारा हा माणूस नवशिक्याला हमखास चकवतो. तपासणी सोपी आहे. त्याच कचेरीतले, त्याच वर्षातले, आपल्या घराशी काही संबंध नसलेले दहा-बारा दस्त चाळा. तिथेही तोच सही करत असेल तर त्याचं नाव यादीतून काढून टाका.

सूची कशी वापरायची

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वेगवेगळी पुस्तकं असतात. पुस्तक १ स्थावराच्या दस्तांचं, पुस्तक ३ मृत्युपत्रांचं, पुस्तक ४ किरकोळ दस्तांचं. पुस्तक १च्या दोन सूची: सूची १ माणसांच्या नावांची, सूची २ मिळकतीची. आपल्याकडे ‘इंडेक्स टू’ म्हणून जो उतारा चालतो तो या दुसऱ्या सूचीचा. कलम ५७प्रमाणे पुस्तक १ आणि त्याच्या सूची फी भरून कोणालाही बघता येतात, नक्कल मिळते. मृत्युपत्राची नक्कल, करणारा हयात असेपर्यंत, दुसऱ्याला मिळत नाही. पुस्तक ४मधल्या दस्ताची नक्कल पक्षकारांना किंवा त्यांच्या वतीने येणाऱ्यांनाच मिळते, तेव्हा तिथे वारस असल्याचा पुरावा बरोबर न्या.

आता यातली मेख. सूची १मध्ये लिहून देणारे आणि लिहून घेणारे एवढेच येतात. साक्षीदार, ओळखदार सूचीत नसतात. म्हणजे तुमचा पूर्वज शेजाऱ्याच्या चार दस्तांवर साक्षीला असेल तर सूचीत त्याचं नाव शोधून ते दस्त कधीच सापडणार नाहीत. त्यासाठी उलट्या बाजूने जावं लागतं: सूची २वरून आपल्या सर्व्हे नंबराला लागून असलेल्या नंबरांचे दस्त काढायचे आणि ते वाचायचे. वेळ जातो, शोध फी जाते, पण कोणत्या घराशी घसट होती हे यातूनच कळतं. नक्कल मागण्याआधी पुस्तकात पाहून घ्या. प्रत्येक दस्ताची नक्कल काढत बसायचं कारण नाही. आणि तालुक्याच्या हद्दी बदलल्या आहेत हे लक्षात ठेवा. आज ज्या कचेरीत गाव आहे तिथे १९१२चं पुस्तक असेलच असं नाही. त्या काळी गाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या पेट्यात (तालुक्याच्या पोटविभागात) होतं ते आधी काढा. जुनी पुस्तकं जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलेलीही असतात.

पुणे, सातारा, सोलापूर आणि तेव्हाचं अहमदनगर या जिल्ह्यांसाठी एक जादा खजिना आहे. १८७५च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला आणि शेतकऱ्याने करून दिलेले दस्त गाव-रजिस्ट्रारापुढे करणं भाग पडलं. त्यामुळे लहान रकमांचे, एरवी कधीच नोंदले गेले नसते असे व्यवहार कागदावर आले. गरीब घराचा माग काढणाऱ्याला हे दस्त फार उपयोगी.

फेरफार वाचायची रीत

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३चा. गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, त्यातून आली. सातबारा हा फक्त निकाल सांगतो, हकीकत फेरफारात असते. सातबाऱ्यावर नावापुढे वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. त्या प्रत्येकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढायची. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर, फेरफार नंबर आणि अंदाजे साल लिहा. ‘आमच्या पूर्वजांचे सर्व कागद’ असा अर्ज केला तर तो तसाच पडून राहतो, आणि त्यात कारकुनाची चूक नसते. बरेच जुने अभिलेख आता स्कॅन होऊन महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरही बघता येतात.

वारसाच्या फेरफारात तीन नावं टिपा. मयत, वारस, आणि वर्दी (खबर) देणारा. वर्दी देणारा हा बहुतेकदा घरातला मोठा मुलगा असतो. तो सोडून दुसराच कोणी असेल तर का, हे शोधायचं. शेवटी सर्कल इन्स्पेक्टरच्या मंजुरीच्या शेऱ्यात कोण हजर होतं, कोणी कबूल केलं, तेही येतं. आपला फेरफार मिळाला की त्याच्या अलीकडचे दहा आणि पलीकडचे दहा वाचा. भाऊबंदांच्या वाटण्या, एकाच सावकाराची गहाणं, एकाच सालच्या मृत्यूंच्या वर्द्या लागोपाठ येतात. तक्रारी झाल्या असतील तर त्या ६-अ म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत असतात, आणि वारसांसाठी ६-क वेगळी असते. मी तर म्हणेन, ६-अ आधी बघा. मित्र कागदावर क्वचित येतात, भांडणारे हटकून येतात, आणि भांडताना दोन्ही बाजू आपापलं नातं सविस्तर सांगतात.

यात घोटाळे कुठे होतात? एक, तारखांत. दस्ताची तारीख, नोंदीची तारीख आणि मंजुरीची तारीख वेगवेगळ्या असतात. माणूस मेल्यावर कित्येक वर्षांनी वारस लागलेले असतात. फेरफाराची तारीख मृत्यूची म्हणून वंशावळीत घालू नका. दोन, एकत्रीकरणात. १९४७च्या कायद्याखाली बऱ्याच गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. सगळ्या गावांत ही योजना झालेली नाही, पण जिथे झाली तिथे जुने शेजारी तुटले. आजच्या गटाच्या नकाशावरून १९१२चा शेजारी शोधायला गेलं तर भलताच माणूस हाती लागतो. जुना नंबर आणि नवा गट यांचं कोष्टक भूमी अभिलेख कार्यालयात मिळतं, ते आधी घ्या, मगच जुन्या नकाशावर शेजारी लावा. तीन, लिप्यंतरात. मोडीतून बाळबोधीत उतरवताना नावं बदलली आहेत. मोडीत शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. संशय आला की मूळ पान मागा.

१९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी आणखी एक दप्तर तयार केलं. कलम ३२-ग ची (कुळाने जमीन विकत घेण्याची) चौकशी झालेल्या जमिनींच्या फायलींत मालकाचे आणि कुळाचे जबाब असतात. जमीन कधीपासून कोण कसतो, आधी कोण कसत होता, खंड कोण नेऊन देई, हे त्यात माणसं स्वतः सांगतात. अंतिम हुकूम सहज मिळतो. जबाब मिळतीलच असं नाही, कारण फायलीतले सगळे कागद कायम ठेवायच्या वर्गात नसतात.

मराठवाड्यात निजामाच्या राज्यामुळे कागद वेगळे: खासरा पत्रक, पाहणी पत्रक, उर्दू मजकूर, फसली (महसुली) साल. १९५१च्या जनगणनेबरोबर तयार झालेलं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर जिथे टिकलं आहे तिथे घरं ओळीने मिळतात, म्हणजे आळीतला शेजार आयता कळतो. विदर्भात कोतवाल पंजी, म्हणजे कोतवालाची जन्म-मृत्यूची वही. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामासाठी ही सगळी दप्तरं बाहेर निघाली. कोणत्या खात्यात कोणता जुना कागद असतो याची कल्पना तेव्हापासून तालुक्याच्या कचेऱ्यांतही बरी आहे, त्याचा फायदा घ्या.

मरण आणि शाळा

जुना गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर, हे दोन कागद एकत्र वाचले तर फार बोलतात. १८९६पासूनच्या प्लेगच्या वर्षांत आणि १९१८च्या मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) एकेका घरातली दोन-तीन माणसं आठवड्याभरात गेलेली दिसतात. मागे राहिलेली पोरं कुठे गेली? बहुतेक आजोळी. तिथल्या शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव सापडलं तर जन्मगाव, आधीची शाळा, पालकाचं नाव आणि शाळा सोडल्याचं कारण हे रकाने बघा. पालकाचं आडनाव मुलाच्या आडनावाहून वेगळं असेल तर मामाचं घर सापडलं असण्याची बरीच शक्यता आहे.

एक उदाहरण जोडून दाखवतो. नावं कल्पित आहेत. राणू बिन संतू याची जमीन एका गावात. १९१२च्या गहाणखतावर बारा कोसांवरच्या गावचा एक जण साक्षीला. १९१८च्या कोतवाल बुकात राणू आणि त्याची बायको दोघांचे मृत्यू. १९२१च्या फेरफारात मुलाच्या नावापुढे अ.पा.क. म्हणून तोच परगावचा साक्षीदार. पुढे त्या परगावच्या शाळेत पालक म्हणून पुन्हा तोच. चार कागद, त्यांतले तीन एकाच माणसाकडे बोट दाखवतात. तरीही ‘मामा’ असं शाईने लिहायचं नाही. तो मावशीचा नवरा असू शकतो, आत्येचा असू शकतो. त्याच्या गावच्या वारस नोंदींत बहीण शोधायला गेलात तर ती बहुधा सापडणार नाही, कारण हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ला लागू झाला आणि त्याआधी गेलेल्या बापाच्या वारसांत मुलगे असताना मुलीचं नाव सहसा लागत नसे. त्यापेक्षा त्या माणसाची बक्षीसपत्रं आणि मृत्युपत्र बघा. आपल्या मुलांना डावलून कोणाला काही द्यायचं असलं की ‘माझे बहिणीचा मुलगा’ असं कारण बहुधा लिहिलेलं असतं.

मोडी दप्तरातली माणसं

१८१८च्या मागे जायचं तर पुण्याचं पेशवे दफ्तर आणि घराण्यांची खाजगी दप्तरं. इथे सगळ्यात उपयोगी कागद महजर. वतनाचा वाद गोतासमोर (गावच्या न्यायसभेसमोर) उभा राहिला की निकालाच्या कागदावर ‘हाजीर मजालस’ म्हणून देशमुख, देशपांडे, पाटील, चौगुला, शेटे, महाजन आणि बलुतेदार यांची नावं निशाण्यांसह येतात. अख्खं गाव एका पानावर. सोबत वादी-प्रतिवादीच्या तकरिरी (जबाब), करीने (हक्काच्या हकीकती) आणि जमान कतबे (जामीनखतं) असतात. करीन्यात पाच-सहा पिढ्यांची हकीकत मिळते, पण ती वाद जिंकायला सांगितलेली असते हे विसरू नका. विरुद्ध बाजूचा करीना वाचल्याशिवाय त्या हकीकतीतली एकही पिढी खरी धरू नये.

हिशेबाच्या कागदांत नावाआधी लागणारी निसबत, दिमत, गुजारत, मारफत, हस्ते ही अक्षरं लोक वगळून पुढे जातात. ‘दिमत अमुक’ म्हणजे तो त्याच्या पथकातला. ‘गुजारत’ म्हणजे रक्कम त्याच्या हातून पावली. शिलेदाराचं मूळ गाव सापडत नसेल तर ज्याच्या दिमतीला तो होता त्या सरदाराची जहागीर कुठे, हा पहिला प्रश्न.

तारखा नीट फिरवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, आणि जानेवारीपासून शकवर्ष संपेपर्यंत ७९. शुहूर सनात (मोडी दप्तरातल्या अरबी सालात) ५९९, जानेवारीनंतर ६००, कारण ते साल मृगाला बदलतं. ते आकड्यांत नसून शब्दांत असतं: ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३, म्हणजे १७७२-७३. फसलीत ५९० किंवा ५९१. एक सालाची चूक झाली की बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते.

तीर्थोपाध्यायांच्या वह्या याच रांगेतल्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग. उपाध्यायाकडे गाव आणि आडनाव दोन्ही सांगा, आणि आपली नोंद मिळाली की पूर्ण पान बघू द्या अशी विनंती करा. यात्रेला माणसं टोळीने जात. आपल्या नोंदीच्या वर-खाली, त्याच दिवशी, शेजारच्या गावची कोणती नावं आहेत, बरोबर कोण होतं, हे टिपलं की सोयरेधायरे बाहेर पडतात. अक्षर आणि शाई बदललेली दिसली तर ती पिढी नंतर आठवणीने घातलेली. वह्या भावाभावांत वाटल्या जातात, गावं दुसऱ्या उपाध्यायाकडे जातात. एका घरी नाही मिळालं तर त्या गावाच्या वह्या आता कोणाकडे, ते तिथेच विचारा.

घरातले कागद

कचेरीआधी घरची पेटी उघडायची, हे सांगायला नको. पण लोक त्यात फोटो आणि पत्रं शोधतात आणि आहेराची वही रद्दीत घालतात. ती वही म्हणजे त्या दिवशीच्या नात्यांचा पूर्ण पट. नाव, गाव, रक्कम किंवा वस्तू. मोठे आहेर करणारे पहिले पाच-सात वेगळे काढा, मग त्याच घरातल्या पुढच्या लग्नाची वही मिळाली तर कोण गळालं, कोण नवं आलं ते बघा. लग्नपत्रिकेत वधूवरांपेक्षा खालच्या बाजूची नावं महत्त्वाची: निमंत्रक, व्यवस्थापक, ‘आमच्याकडे लग्नाला यायचं हं’वाली पोरं. मामांची नावं बहुतेक तिथेच असतात. दुकानदारी असलेल्या घरात कीर्द (रोजमेळ) आणि खतावणी (खातेवही). उधारी कोणाची वर्षानुवर्षं थकू दिली यावरून घरोबा कळतो.

हे सगळं एका तक्त्यात घाला. एका ओळीत एक कागद आणि एक माणूस. रकाने: तारीख, कागदाचा प्रकार, गाव, आपला माणूस कोणत्या नात्याने कागदावर आहे, दुसऱ्याचं नाव कागदावर आहे तसंच, त्याची भूमिका, त्याचं गाव, आणि रजिस्टर-पान-नंबर. नावं ‘सुधारून’ लिहू नका. मग दुसऱ्याच्या नावाप्रमाणे तक्ता लावा. दोन वेगळ्या प्रकारच्या कागदांत, निदान पाच वर्षांच्या अंतराने, जे नाव परत येतं त्याचा माग काढायचा. बाकीची तूर्त राहू द्या. एकाच नावाची दोन माणसं वाटली तर बापाच्या नावावर विसंबू नका, आजोबाचं नाव नातवाला ठेवत असल्याने ‘तुका बिन विठू’ एकाच गावात एक पिढी सोडून पुन्हा येतो. सर्व्हे नंबर आणि हिस्सा धरून वेगळे करा.

बायांसाठी शोध वेगळा करावा लागतो. सूचीत त्या ‘कोम’, ‘जोजे’, ‘भ्रतार’ अशा नवऱ्याच्या नावाशी जोडून येतात, म्हणून नवऱ्याच्या नावानेही सूची बघा. एरवी बाई कागदावर येत नाही, पण विधवा झाली की येते: पोटगीचा करार, दत्तकपत्र, अज्ञान मुलांच्या वतीने केलेलं गहाण. या दस्तांवर सासरचे लोक विरुद्ध बाजूला असण्याची शक्यता मोठी, तेव्हा तिच्या बाजूने साक्षीला उभा राहिलेला माणूस माहेरचा आहे का, हे सगळ्यात आधी तपासा. त्याचं गाव दस्तातच लिहिलेलं असतं. त्या गावच्या फेरफारांची पहिली वही मागवा.